बाबांच्या पेल्यासाठी कोणती बीअर

प्रिय बाबा,

उद्या रविवार. यार्डाला सुट्टी आहे आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घरी बीअर आंबायला लावणार आहे. कुठल्या जातीची लावायची यावर आठवडाभर डोकं खातोय, स्वतःचं आणि घरमालकाचंही. शेवटी म्हटलं, ज्याच्यासाठी लावायची त्यालाच विचारावं, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे माहीत आहे. आता येत असेल. तिकडे वेळच वेळ.

हसू नका. हे खूळ कुठून आलं ते आधी सांगतो.

गेल्या रविवारी दादाला फोन लावला. पुढल्या महिन्यात तुमचा म्हाळ. मी सहज म्हटलं, संध्याकाळी मागल्या पडवीत बाबांच्या नावाचा माडीचा पेला ठेवाल ना? तर म्हणतो, "आता तसला काय घरात येवचा नाय. पोरीचे सोयरे येतत-जातत. ह्या वर्षी चायचो कप ठेवतलंव."

"बाबांका चाय?"

"मगे? मेलेलो माणूस उठान तक्रार करतलो काय?"

बाबा, तुमच्या नावाने चहा! तुम्ही जन्मभर माड चढलात, सकाळ-संध्याकाळ माडी उतरवलीत, सगळ्या वाडीला पाजलीत. तुमच्या बापाच्या म्हाळाला पहिला पेला तुम्ही स्वतःच्या हाताने पडवीत ठेवायचात आणि आम्हा पोरांना तिथून हाकलायचात. ते तुम्हीच घालून दिलेलं. आणि आता तुमच्या वाट्याला चहा, तो का, तर सोयऱ्यांना कळू नये की आपण माडीवाल्यांचे. दादाने भिंतीवरची तुमची कोयतीही काढून ठेवली आहे, माहीत आहे ना? रिकाम्या खिळ्याला आता कॅलेंडर.

मी फोनवर भांडलो. कार्ड संपेपर्यंत भांडलो. संपता संपता दादाने बरोबर दुखेल तिथे मारलं. म्हणाला, "बाबाच सांगत, ह्यां माझ्यावरच संपांदे."

तुम्ही म्हणायचातच ते. मला झाडाखाली उभं करून म्हणायचात, "झाड बघ, पण हात लावू नको." मी आठवीत शाळा सोडली तेव्हासुद्धा माडावर चढू दिलं नाहीत. वेल्डिंग शीक म्हणालात. शिकलो. म्हणून आज इथे परदेशात, सेम्बावांगच्या यार्डात, जहाजांच्या पोटात शिरून पत्रे जोडतोय.

फोन ठेवून तसाच खाली उतरलो, डोकं तापलेलं. खाली आमचे घरमालक बसले होते. म्हातारे चिनी गृहस्थ, एकटेच असतात, मला त्यांची मागची खोली भाड्याने दिली आहे. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही. इथे चिनी लोकांचा सातवा महिना चालू आहे, म्हणजे त्यांचे पितर घरी येतात तो महिना. अंकलनी आमच्या इमारतीखाली, इथे तिला ब्लॉक म्हणतात, गवताच्या कडेला उदबत्त्या खोचल्या होत्या, संत्री मांडली होती, पितरांच्या नावाने कागदी पैसे जाळत होते. आणि मधोमध, बाबा, काळ्या बीअरचा कॅन. उघडलेला. येणारे-जाणारे बाजूने वळसा घालून जात होते. कुणी नाक मुरडलं नाही.

मी विचारलं, "हे कुणाला?"

"बापाला. गोदीत हमाल होता. हीच प्यायचा. दुसरी ठेवली तर शिव्या देईल, लाह." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा बाप काय प्यायचा?"

त्यांची इंग्रजी तुटकी, वाक्यामागे 'लाह' जोडणारी, माझी त्याहून तुटकी. माड कसा चढतात, फुलोऱ्याची पोय कशी बांधतात, मडकं कसं टांगतात, सगळं हाताने करून दाखवलं. लिफ्टसाठी थांबलेली एक बाई बघत राहिली. अंकल मान हलवत म्हणाले, "ते इथे मिळणार नाही. पण मी घरी बीअर करतो. तू कर एक. बापासाठी."

इथे घरापुरती करायला परवानगी आहे, विकायची नाही. डब्यात काकवीसारखा पाक मिळतो. तो गरम पाण्यात विरघळवायचा, बादलीत पाणी घालून निववायचा आणि यीस्ट टाकायचं, झालं. पण कुठला पाक आणायचा? दुकानात जाती इतक्या की माणूस येडा होईल.

अंकल म्हणाले, "पहिल्यांदा काळी कर. काळ्यात चुका लपतात."

मी म्हटलं, नको. माडी आंबली असली तर तुम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचात, आज नको घेऊ. तुमच्या पेल्यात लपवाछपवी कशी घालू?

मग पिवळी, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर सगळे पितात ती. तिला म्हणे आठवड्यांमागून आठवडे थंडीत ठेवावं लागतं. फ्रिज अंकलचा, आणि त्यात अंकलचे मासे. तीही गेली. एक फार कडू होती, चाखली आणि तुमचा आवाज कानात आला: "ह्यां औषध कित्याक देतंस?"

शेवटी अंकलनी गव्हाच्या बीअरची बाटली फोडली. ग्लासात ओतली तर गढूळ, पांढुरकी, वर चढलेला फेस. मी ग्लास उजेडात धरला. चव माडीची नाही, उगाच कशाला सांगू. पण रंग पाहून वाटलं, हिला तुम्ही निदान हातात घ्याल.

"ही," मी म्हटलं.

"ही नको. तुझ्या खोलीत पंखाच आहे. गरमीत हिला केळ्याचा वास मारतो. एसी पाहिजे."

केळ्याचा वास, बाबा. आपल्या माडाखाली केळीच होत्या ना? मडकं खाली आलं की तुम्ही त्याच सावलीत बसून गाळायचात. अंकलना म्हटलं, मारू दे वास. ते म्हणाले, "तू वेडा आहेस." मग स्वतःच जाऊन गव्हाचा डबा घेऊन आले.

आज बादलीवरून भांडण झालं. मी नुसती पाण्याने खंगाळली. आपण मडकं घासूनपुसून कोरडं करायचो नाही, तळाचा गाळच पुढची माडी उठवायचा, हे डोक्यात पक्कं. अंकल ओरडले, "ते तुझ्या बापाचं मडकं. ही माझी बादली. धू!" जंतू मारायच्या औषधाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायला लावली. अंकल तुम्हाला आवडले असते. तुम्ही दोघे कुठल्याच भाषेत बोलू शकला नसतात आणि दिवसभर भांडला असतात.

आता तुमच्या त्या बोलण्याचं. माझ्यावर संपू दे, म्हणालात. मी खूप विचार केला. माड चढणं संपलं. गुडघे सोलणं संपलं, पावसात निसरड्या खोडाला मिठी मारणं संपलं. ते तुमचं मी ऐकलं, दादानेही ऐकलं. पण तुमची लाज वाटून घ्या असं तुम्ही कधी म्हणालात? दादा ते तुमच्या तोंडी घालतो, आणि तुम्हाला आता नाही म्हणता येत नाही. म्हणून मी म्हणतोय.

आणि तुमच्या मनात खरंच तसं असेल, तर बाबा, हे एक मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे होतो, तेराव्याला पोचलो. खांदा दिला नाही. आता तुमचा पेलाही दादाच्या सोयऱ्यांसाठी सोडून देऊ? नाही देणार.

तर गव्हाची ठरली. उद्या लावतो. म्हाळाच्या संध्याकाळी ब्लॉकखाली, गवताच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तुमचा पेला ठेवीन. ठेवून झाला की दादाला फोन करून सांगेन. चोरून काही करणार नाही. बिघडली तर बिघडलेली ठेवीन आणि आज नको घेऊ म्हणून तसं सांगेन. पुढल्या वर्षी सुट्टी काढून म्हाळाला घरी येईन आणि पडवीतला पेला मी भरीन. सोयरे बसलेले असले, तर त्यांच्यासमोर.

तुमचा धाकटा,
बाळू