चौथ्या मजल्यावरचा कॅप्टन

६ जानेवारी १९८५, रविवार

आज मुलुंडला निवृत्त हवाई दल वैमानिकांचा मेळावा. माझं, म्हणजे स्क्वाड्रन लीडर (निवृत्त) विद्याधर सबनीसचं, भाषण. सुरुवात इथे उतरवून ठेवतो, पुन्हा कामी येईल:

"जमिनीवर आणून बसवलेल्या माझ्या वैमानिक बंधूंनो, आपलं दुःख एकच आहे. ज्या आकाशाची आपण वीस-वीस वर्षं राखण केली, त्याच आकाशातून चार पॅसेंजर न्यायचे म्हटलं, की सिव्हिलवाले आपल्याला पहिलीच्या बाकावर बसवतात आणि विचारतात, नियम पाठ आहेत का?"

टाळ्या. माणसं अकरा, त्यातला एक हॉलचा शिपाई. पण त्यानेही वाजवल्या.

सगळ्यात जोरात टाळ्या जयवंत पेडणेकरच्या. त्याला टाळ्या वाजवायला काय जातं? जोरहाटला पाच वर्षं माझ्या डकोटा विमानात माझ्या उजव्या हाताला बसला. मी स्क्वाड्रन लीडर, तो पोरगेला फ्लाइट लेफ्टनंट. रोज उड्डाणानंतर मी बोलायचो, तो वहीत लिहून घ्यायचा. आज त्याच्याकडे सिव्हिल लायसन्स आहे, बोइंग चालवायची नोकरी आहे आणि मरोळला आमच्याच सोसायटीत, माझ्या डोक्यावर दोन मजले, फ्लॅट आहे. मी साकीनाक्याच्या कारखान्यात अ‍ॅडमिन ऑफिसर. लोकांचे गेटपास तपासतो.

ठराव: सिव्हिल लायसन्सच्या मार्चच्या परीक्षेला बसणार. पहिल्या फटक्यात पास. विमान कंपनीत चाळिशीच्या आत घेतात. माझी चाळीस पुढच्या वर्षी मार्चअखेर पुरी होतात. वेळ भरपूर आहे.

अभ्यासाची गरज नाही. फार तर उजळणी.

१३ जानेवारी

उजळणी सुरू करणार होतो. पानिपतावरचं एक नवं पुस्तक हाती आलं. नेतृत्वाचे प्रश्न समजून घेतल्याशिवाय नियम वाचण्यात अर्थ नाही.

२२ जानेवारी

पेडणेकरच्या दारावर पितळी पाटी लागली. "कॅप्टन जे. डी. पेडणेकर." तो कॅप्टन नाही, को-पायलट आहे. कॅप्टनला चार पट्टे असतात, याच्या बाहीवर दोनच आहेत, मी खिडकीतून दुर्बिणीने मोजले. (दुर्बीण पक्षीनिरीक्षणासाठी आहे.)

विचारलं तर म्हणे पाटी आईने परस्पर करून आणली, मलाच लाज वाटते सर. लाज वाटते तर उतरव.

आपल्या लोकांचं अज्ञान किती खोल आहे पाहा. कॅप्टन म्हटलं की मान लवते. स्क्वाड्रन लीडर म्हटल्यावर वॉचमन दशरथने मला विचारलं होतं, साहेब, म्हणजे होमगार्डमध्ये का?

३ फेब्रुवारी

पेडणेकरच्या आई रुक्मिणीबाई दुपारी आल्या. नवरा गिरणीत होता, सगळं आयुष्य लालबागच्या एका खोलीत काढलं. आता लिफ्ट नसलेले चार जिने हसत चढतात. कोकमाच्या आगळाची बाटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली एक जाड वही दिली. म्हणाल्या, "जयवंतान दिल्यान. म्हणता, सायबांका परीक्षेक उपेगी पडात."

मी वही वजन करून पाहिली. म्हणजे आता शिष्य गुरूला नोट्स पाठवणार. पाच वर्षं ज्याला मी विमान कसं धरायचं ते शिकवलं, तो मला वही पाठवतो, तीही आईच्या हातून, म्हणजे साऱ्या जिन्याला कळावं.

वही न उघडता माळ्यावर टाकली. आगळ ठेवून घेतलं. त्याचा यात दोष नाही.

१७ फेब्रुवारी

आरे कॉलनीत झाडाखाली बसून अभ्यास करायचं ठरवलं. शुभाला बरोबर नेलं, म्हणजे मुलीला बापाची चिकाटी दिसेल. नियमांच्या पुस्तकाचं पान तीन वाचलं. त्यात एक वाक्य इतकं गचाळ होतं की मी मोठ्याने त्याची चिरफाड केली. दोन म्हशी आणि एक दूधवाला थांबून ऐकत होते. दूधवाल्याने मान डोलावली.

येताना शुभाने सांगितलं, जयवंतकाका विमानातली टॉफी देतो. तिच्या खिशात चार निघाल्या. जप्त केल्या. तपासणीसाठी दोन खाल्ल्या. सामान्य.

१४ मार्च

परीक्षा झाली. नॅव्हिगेशन आणि हवामान हातचा मळ. नियमांच्या पेपरात प्रश्न होता: दोन विमानं एकाच उंचीवर तिरकी एकमेकांच्या वाटेत येत असतील, तर वाट कोणी द्यावी?

हा प्रश्न म्हणजे संधी होती. साडेचार पानं लिहिली. वाट कोण कोणाला देतो यावर साम्राज्यं उभी राहिली आणि कोसळली, हे दाखवून दिलं. नियम करणाऱ्याने कधी वादळात विमान धरलेलं नाही, हेही सभ्य शब्दांत सांगितलं. शेवटी ज्येष्ठ वैमानिकाच्या विवेकबुद्धीवर सोडावं अशी सूचना केली.

तपासणारा माणूस हादरला असेल.

९ मे

निकाल. नॅव्हिगेशन पास. हवामान पास. नियम नापास.

हे धाडसी उत्तरांना घाबरतात. बायकोला, नलिनीला, साडेचार पानांचा सारांश सांगितला. ती शाळेत शिकवते, उत्तरपत्रिका हाच तिचा धंदा. म्हणाली, माझ्या वर्गात कोणी असं लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं आणि वर पालकांना बोलावलं असतं.

तिला मी वैचारिक पातळीवर माफ केलं.

११ मे, दुपारी ३.४०

पेडणेकरला न्यायला कंपनीची गाडी येते. पांढरी ॲम्बॅसेडर, आत पडदे. ड्रायव्हर फाटकाशी तीन वेळा हॉर्न वाजवतो. मग चौथ्या मजल्यावरून बुटांचा आवाज उतरत येतो. तिसरा. दुसरा. माझ्या दारासमोर जरा हळू होतो. मला वाटतं तो मुद्दाम हळू होतो. खाली दशरथ सलाम ठोकतो, बायका गॅलरीत येतात, शुभा हात हलवते.

मला न्यायला जोरहाटला जीप यायची. उघडी. हॉर्न बंद पडलेला. त्यात जास्त पौरुष होतं.

१९ मे

आज पेडणेकरशी गाठ जिन्यात पडली. तो उतरत होता, मी चढत होतो, मधे रुक्मिणीबाईंचा वाळवणाचा पाट, एकालाच जागा. मी थांबलो नाही. तोही पुढे आला, मग भिंतीला चिकटून उभा राहिला. म्हणाला, "या सर." मी गेलो. वर गेल्यावर लक्षात आलं की मला दुसऱ्या मजल्यावरच थांबायचं होतं. तसाच गच्चीवर गेलो. तिथे दहा मिनिटं उभा राहिलो. डोक्यावरून एक बोइंग सहार विमानतळाकडे उतरलं. पंख जरा वाकडे होते.

२ जून

सोसायटीची सर्वसाधारण सभा. मी ठराव मांडला: "फाटकाशी कोणत्याही वाहनाने हॉर्न वाजवू नये." नाव घेतलं नाही. पण वीस मिनिटं बोललो. शांतता हा नागरिकाचा पहिला हक्क आहे. हॉर्न ही सत्तेची आरोळी आहे. रोमच्या अधःपतनाचा उल्लेख केला. शेवटच्या बाकावर एकजण झोपला होता. म्हणजे शांततेचं महत्त्व त्याला पटलं होतं.

अनुमोदन कोण देणार विचारल्यावर हात वर केला पेडणेकरने. म्हणाला सरांचं बरोबर आहे, मीच ड्रायव्हरला सांगायला हवं होतं, चुकलं माझं.

ठराव एकमताने मंजूर. मोठा विजय. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. विजयाला विरोधक लागतो. हा माणूस तेवढंही देत नाही.

४ जून

गाडी आली. हॉर्न नाही. खिडकीतून पाहिलं तेव्हा कळलं. आता ती कधी येते हे कळायला मला खिडकीतच उभं राहावं लागतं. दिवसातला बराच वेळ जातो.

११ जुलै

नियमांचा पेपर, दुसरा प्रयत्न. या खेपेला संयम ठेवला. वाट कोणी द्यावी हा प्रश्न पुन्हा आला. उत्तर अवघं तीन पानी. रोम वगळलं.

५ सप्टेंबर

नापास.

ऑफिसात गेटपासच्या खिडकीशी बसलो होतो. एक टेंपोवाला आत आणि दुसरा बाहेर, दोघेही तोंडाला तोंड लावून उभे. दोघे माझ्याकडे पाहत होते. कोणी मागे घ्यायचं ते सांगा साहेब म्हणाले. मी दोघांचे गेटपास पुन्हा तपासले. शेवटी त्यांनीच आपापसात ठरवलं.

ठराव: तिसऱ्यांदा बसणार नाही. स्वाभिमान ही काही चीज आहे.

२२ सप्टेंबर

नलिनीशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. तुम्हाला लायसन्स हवंय, की जयवंतकडे ते नसायला हवंय? एक काय ते ठरवा. दोन्ही एकदम मिळणार नाही. आणि मार्च काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

वाक्य चांगलं होतं. भाषणात वापरता आलं असतं. पण हे माझ्याविरुद्ध होतं.

बसणार. नोव्हेंबरला. शेवटची संधी. फॉर्म आणला.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी २.१५

आजारपणाची रजा. प्रकृती ठणठणीत. शुक्रवारी फॉर्मची शेवटची तारीख, तो अजून कोरा आहे. नलिनी शाळेत. जाताना बजावून गेली, दिवाळीआधी माळा रिकामा झाला पाहिजे, घरात बसायचंच तर तेवढं करा.

माळ्यावरून वही खाली पडली. डोक्यावर. सुतळी तुटली.

दुपारी २.५०

ही सिव्हिलची वही नाही. म्हणजे आहे. डाव्या पानावर नियम, एक दोन ओळींत, स्वच्छ अक्षरात. आणि उजव्या पानावर जोरहाटची जुनी पानं कापून चिकटवली आहेत. ७७, ७८, ७९. प्रत्येक नोंदीखाली "सर" म्हणून लिहिलं आहे. सर म्हणजे मी.

"ढगात शिरताना शौर्य दाखवू नये, घड्याळ दाखवावं. – सर."

"बरोबर असणं आणि घरी पोचणं यात निवड करायची वेळ आली तर घरी पोचावं. – सर."

पान अकरा. डावीकडे: दुसरं विमान ज्याच्या उजव्या हाताला, त्याने वाट द्यावी. उजवीकडे, शाई फिकी झालेली, १२ मार्च ७८: "उजवीकडे कोणी दिसलं की आपण वाट द्यायची. रँक विचारायची नाही. वाट देणारा लहान होत नाही, म्हातारा होतो. – सर."

हे मी बोललो होतो. आठवतं. चहा गार होत होता आणि हा मान खाली घालून लिहीत होता. मला वाटायचं नुसता खूश करायला लिहितो.

दोन पेपरांत मिळून साडेसात पानं लिहिली मी या एका वाक्याच्या विरोधात.

दुपारी ३.१०

खिडकीतून दशरथला विचारलं. पेडणेकरला न्यायला गाडी आज चारच्या आत येणार आहे, गुरुवारी परत. म्हणजे आत्ता घरात आहे. वर जायचं. त्याला सांगायचं की महिनाभर रोज संध्याकाळी तासभर बस माझ्याबरोबर, मला शिकव.

पण असंच जाऊन कसं चालेल? दोन शब्द नीट मांडले पाहिजेत. मुद्दे काढतो.

"प्रिय जयवंत, गुरुशिष्य परंपरेत असे क्षण येतात..."

नको. शिष्य म्हटलं की मी वर जातो.

"जयवंत, इतिहासात मोठ्या सेनापतींनीही..."

यात सेनापती मीच ठरतो.

"जयवंत, मागे तू एक वही पाठवलीस, आणि मी आठ महिने..."

हे जमतंय. जरा लांबवतो. वाळवणाच्या पाटाचा उल्लेख यायला हवा. पितळी पाटीचाही. आगळाचे आभार. दुर्बिणीबद्दल सांगावं का? सांगावं. हॉर्न वाजला की निघतो. तो खाली येईपर्यंत जिन्यात गाठता येईल.

दुपारी ४.२०

भाषण पूर्ण. पाच मुद्दे, समारोप हेलावणारा. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

हॉर्न काही वाजला नाही.

खाली डोकावलो. दशरथ म्हणाला, "साहेब, गाडी कधीच गेली. हॉर्न कुठे वाजतो आता? तुमचाच ठराव ना." मग म्हणाला, कॅप्टनसाहेब जाताना तुमच्या दाराशी थांबले होते जरा. बेल नाही वाजवली. आतून तुमचं भाषण चालू होतं, म्हणाले सर बिझी आहेत.

संध्याकाळी ६.००

पाचही मुद्द्यांची पानं फाडून काढली. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर शुभा चित्रं काढते आहे. विमान काढलंय, खिडकीत दोन डोकी. ही कोण विचारलं. एक जयवंतकाका आणि एक तुम्ही, म्हणाली. तुम्ही गप्प बसलाय.

विद्याधर सबनीस, ऐक. गुरुवारी संध्याकाळी सातला तो घरी येतो. शुक्रवारी फॉर्मची मुदत संपते. मुद्दे काढू नकोस, इतिहास नको, खिडकीत उभा राहू नकोस. वही घे, दोन जिने चढ, पितळी पाटीखालची बेल दाब, आणि दार उघडलं की तीन शब्द बोल. "जयवंत, मला शिकव."