सुनेच्या गोळ्या

९ मार्च, रविवार

चोरी केली. याला दुसरा शब्द नाही.

इस्त्रीचे कपडे आले होते, ते विनुताच्या कपाटात ठेवायला गेले. खण अर्धा उघडा. रुमालांखाली गोळ्यांचं पाकीट. पहिल्या तीन गोळ्या गेलेल्या, बाकी भरलेलं. कसल्या गोळ्या ते मला कळतं. वादिराज झाल्यावर मीही दोन वर्षं घेतल्या होत्या — हे होते तेव्हा, त्यांना सांगून, सासूबाईंना न सांगता.

लग्नाला दोन वर्षं झाली. दर महिन्याला बस धरून तिरुकरुकावूरला जाते, मूल व्हावं म्हणून तिथल्या देवीचं तूप आणते. रात्रीच्या जेवणानंतर चमचाभर सुनेच्या हातावर ठेवते. ती निमूट चाटते, ‘थँक्स अम्मा’ म्हणते. आणि मग खोलीत जाऊन ही गोळी! म्हणजे मला वेडीच समजली.

पाकीट उचललं. देवघरात कुंकवाच्या डब्यामागे ठेवलं. म्हटलं, चार दिवस खंड पडू दे, पुढचं देवी बघेल.  

१० मार्च, सोमवार

विनुता काल रात्रीपासून शोधतेय. सकाळी पर्स पलंगावर उलटी केली. रुमाल एकेक झटकून पाहिले. कॉलेजला जाताना दारात थांबली.

“अम्मा, माझ्या खणातून कुणी काही काढलं का?”

“मी कशाला तुझ्या खणाला हात लावू?” — इतकं पटकन आलं तोंडातून! खोटं बोलायला विचारही करावा लागला नाही.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात जाऊन आली. रिकाम्या हातानं. ती कंपनी नाही म्हणे त्यांच्याकडे, मागवावी लागेल. दुसऱ्या कंपनीचं देत होते. तिनं घेतलं नाही. वादीला सांगत होती, “त्या दुसऱ्या औषधाबरोबर चालेल का, विचारल्याशिवाय नको.”

दुसरं औषध कसलं? डोकेदुखीचं असेल.

११ मार्च, मंगळवार

आज ती कॉलेजला गेली नाही. फोन घेऊन बसली होती, काहीतरी वाचत होती. एका ठिकाणी म्हणे दोन एकदम घ्या, दुसरीकडे म्हणे नवीन पाकीट सुरू करा. जेवली नाही. डाळीत मीठ जास्त पडलं होतं तेही बोलली नाही.

मला वाटलं होतं, ती चिडेल. कुढेल. ती घाबरली होती. मूल नको म्हणून कुणी इतकं घाबरतं?

मला बघवेना. ती अंघोळीला गेली तेव्हा पाकीट परत त्याच खणात, त्याच रुमालांखाली ठेवलं. झालं, मिटलं, असं स्वतःला सांगितलं.

मिटलं नाही. थोड्या वेळानं बघितलं तर विनुता कपाटासमोर जमिनीवर बसलेली, ओले केस तसेच, पाकीट मांडीवर. संध्याकाळी वादी आला तर हसला — “इथंच होतं की! डोळे कुठं होते तुझे?” ती हसली नाही.

“इथं मी बघितलं होतं. परत परत बघितलं होतं, वादी.”

“टेन्शनमध्ये होतं असं.”

“असं झालं तर मग मला आणखी काय काय दिसत नसेल?”

मी स्वयंपाकघरात उभी. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायचं सुचलं नाही.

१२ मार्च, बुधवार

मार्च महिना, वादीला बँकेत रजा नाही. सकाळी विनुतानंच विचारलं, “अम्मा, लेडी डॉक्टरकडे जायचंय. येता का बरोबर?” तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी पायात चपला घातल्या.

मेडिकल कॉलेज रोडला दवाखाना. डॉक्टर राजलक्ष्मी, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. विनुता म्हणाली, “असू द्या. आता त्यांनाही कळू दे.”

डॉक्टरांनी जुनी फाईल उघडली. पहिला प्रश्न — “फिट्सचं औषध अजून तेच चालू आहे?”

“हो डॉक्टर. सोमवारी त्रिचीला दाखवायचंय. मग बदलायला सुरुवात करू म्हणालेत.”

फिट्स. मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल बोलतायत.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. समजावून सांगितलं. या औषधावर असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येण्याची भीती मोठी. औषध एकदम बंद केलं तर फिट्स वाढतील, तिच्याच जिवाला धोका. म्हणून आधी हळूहळू औषध बदलायचं, मग मूल. “तोवर ही गोळी चुकून चालत नाही, अम्मा.”

चुकून.

मग तिला विचारलं — शेवटची कधी घेतली? शनिवारी. पाळीनंतर पाकीट कधी सुरू केलं? गुरुवारी. नवऱ्याशी संबंध? विनुता मान खाली घालून म्हणाली, “रविवारी. तेव्हा वाटलं, सकाळी पाकीट सापडेलच.” मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिले. गुबगुबीत, हसरं बाळ.

डॉक्टर म्हणाल्या, चुकलेल्या सगळ्या गोळ्या एकदम गिळायच्या नाहीत. त्यातली एकच आत्ता घ्यायची. आजची आजच्या वेळेला, दिवसात दोन झाल्या तरी चालतं. पुढं रोज नेमानं. सात दिवस नवऱ्यानं निरोध वापरायचा. एकच गोळी चुकली असती तर एवढं घाबरण्यासारखं नव्हतं. पण तीन चुकल्या, त्याही पाकीट नुकतं सुरू झालेलं असताना — तो आठवडा सगळ्यात नाजूक. म्हणून वेगळी, तातडीची गोळीही घ्यायची. तीन दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. दुकानात मिळेलच असं नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिली. विनुतानं तिथंच, त्यांच्यासमोर घेतली. तीन आठवड्यांनी टेस्ट.

“पण सलग तीन दिवस विसरलात कशा? तुम्ही तर फार नेमाच्या.”

“विसरले नाही डॉक्टर. हरवलं. आणि जिथं शोधलं होतं तिथंच सापडलं.” तिचा आवाज बारीक झाला. “मला भीती वाटतेय. डोक्यात काही बिघडलंय का?”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, हे त्रिचीच्या डॉक्टरांना नक्की सांगा, औषध बदलताना त्यांना कळायला हवं.

तेव्हा बोलायचं होतं. तिथंच. तोंड उघडलं, आणि विचारलं काय — “ऑटो बोलावू का?”

१३ मार्च, गुरुवार

वादीला विचारलं, मला का नाही सांगितलं?

तो डबा भरत होता. वर न बघता म्हणाला, “मामाच्या शांभवीच्या लग्नात ती मुलगी फिट येऊन पडली होती. तू काय म्हणाली होतीस?”

आठवलं. म्हटलं होतं, असली मुलगी कोण घरात आणेल? पंगतीत, सगळ्यांसमोर. विनुता तेव्हा दोन पानं सोडून बसली होती. तिचं आणि वादीचं लग्न ठरायचं होतं तेव्हा.

पंधराव्या वर्षापासून आहे तिला. लग्नाआधी वादीला तिनं स्वतः सांगितलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

“अम्मा, मी गॅस बंद केला होता ना?”

“अम्मा, किल्ली मी इथंच ठेवली होती?”

दिवसभर. फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात तिनं. प्रत्येकीवर ती जे कधीच विसरत नाही ते लिहिलेलं.

१५ मार्च, शनिवार

आज सांगणार होते. दुपारी ती झोपली होती. झोपू दे म्हटलं. संध्याकाळी वादी घरी होता. तो नसताना सांगू म्हटलं. भित्री आहे मी. चाळीस वर्षं पोरांना हिंदी शिकवलं, खोटं बोललेलं पोर नजरेवरून ओळखायची. माझ्याकडं मात्र कुणीच बघत नाही. सासू, देवभक्त, तूप आणणारी.

१६ मार्च, रविवार

सांगितलं.

ती उद्यासाठी कागद जुळवत होती. एका कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं डॉक्टरांना सांगायला — काय काय विसरतेय. पहिली ओळ त्या गोळ्यांची. मी म्हटलं, ती ओळ खोड.

“का?”

“पाकीट मी घेतलं होतं. देवघरात ठेवलं होतं. मंगळवारी परत ठेवलं.”

मी शिव्यांची वाट बघत होते. रडण्याची. तिनं हळूच विचारलं, “म्हणजे ते खणात नव्हतंच?”

“नव्हतं.”

“म्हणजे मी नीट बघितलं होतं.”

“हो.”

आणि तिनं सुस्कारा सोडला. इतका मोठा, जणू आठवडाभर श्वास कोंडून धरला होता. “माझं डोकं ठीक आहे,” असं म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. चेहरा एकदम मोकळा झाला. तो बघणं शिव्या खाण्यापेक्षा अवघड गेलं. मी काय हिरावलं होतं ते तेव्हा कळलं. गोळ्या नव्हेत.

राग नंतर आला. “मी तुमच्या हातचं तूप खात होते, अम्मा. मला आवडत नाही. तुम्ही एवढ्या उन्हात जाऊन आणता म्हणून खात होते.” उठली, खोलीत गेली, दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

वादी रात्री त्याचं ताट खोलीत घेऊन गेला.

१७ मार्च, सोमवार

दोघं त्रिचीला गेले. मला विचारलं नाही. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या जाताना काढून टाकल्या तिनं.

२ एप्रिल, बुधवार

टेस्ट केली. वादीनं सांगितलं, “एकच रेघ आहे. काही नाही.” सुटले एवढंच. देवापुढं बसले तर काय मागावं तेच कळेना. महिन्याभरापूर्वी याच जागी बसून उलटं मागत होते.

६ एप्रिल, रविवार

ते वेगळं घर घेतायत. तिच्या कॉलेजजवळ. वादी म्हणाला, तिला यायला-जायला सोपं. मीही म्हटलं, हो, सोपं.

त्यांच्या पेट्या मीच बांधल्या. तिच्या कपाटाला हात लावला नाही. तिनं स्वतः आवरलं.

१३ एप्रिल, रविवार

गेले. तूप उरलं होतं ते शेजारी दिलं. एकच कप कॉफी लागते आता. सवयीनं तीन होतात.

२७ एप्रिल, रविवार

विनुताचा फोन आला. वादीला बँकेनं महिनाभर मदुरैला पाठवलंय. नवीन औषधानं तिला फार झोप येते, जेवल्याबरोबर डोळे मिटतात.

“अम्मा, रोज जेवणानंतर मला फोन करा. गोळी घेतली का, विचारा.”

मी?

“हो. माफ केलं म्हणून नाही. पण ही गोळी कधी विसरणार नाही असं दुसरं माणूस मला माहीत नाही.”

आता फोन केला. “घेतली,” म्हणाली, आणि ठेवून दिला.