आत्याच्या साठवलेल्या रजा

बुधवार, २३ एप्रिल

प्रिय व्हर्ना आत्या,

तुझं पत्र आणि सोबतची चार पानं सोमवारी मिळाली. मी बरी आहे. इथल्या तळ्यावरचा बर्फ गेल्या आठवड्यात फुटला. तुमच्याकडे अजून असेल. गॉर्डी काकांच्या हाताची थरथर नव्या गोळीने कमी झाली का, की नुसती झोपच वाढली? मागच्या वेळी मी त्यांना न्यायला आले तेव्हा “सरकारी बाई आली, बटाटे लपवा!” अशी आरोळी त्यांनी दारातूनच ठोकली होती. म्हणजे आवाज तरी शाबूत आहे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण ऑफिसातून पाठवलेली कुठलीही ईमेल उद्या कुणीही नागरिक अर्ज करून मागू शकतो. आणि घरून फोन केला तर तुझा आवाज ऐकून मी विषय बदलेन. तो मी आधी एकदा बदललेला आहे.

प्रथम तुझ्या निवेदनाबद्दल. मंगळवारी अर्थ समितीपुढे तुला तीन मिनिटं मिळतील. तिसऱ्या मिनिटाला लाल दिवा लागतो आणि अध्यक्ष “धन्यवाद, बाई” म्हणतात. तुझं पहिलं अख्खं पान साठवलेली रजा म्हणजे काय हे समजावण्यात गेलं आहे. समितीला दोन वाक्यं पुरतात. ती अशी:

“शिक्षक आजारपणाच्या ज्या रजा घेत नाही, त्या निवृत्तीच्या वेळी त्याच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यांसाठी वळवता येतात. या विधेयकाप्रमाणे, येत्या ३० जूननंतर निवृत्त होणाऱ्याच्या फक्त साठ रजा धरल्या जातील, बाकीच्या बुडतील.”

त्यानंतर लगेच तुझा आकडा सांग. एकतीस वर्षं, दोनशे सत्त्याऐंशी रजा. पासष्टीला सरकारी विमा मिळेपर्यंतची पाच वर्षं त्यातून तुझा आणि काकांचा विमा निघाला असता. साठ रजांत जेमतेम एक वर्ष निघेल. म्हणजे काकांना दिवसभर घरी एकटं ठेवून तुला आणखी चार वर्षं तिसरीचा वर्ग घ्यावा लागेल. एवढं पुरे. तापात शिकवलेल्या दिवसांचं वर्णन गाळ. ते ऐकताना सदस्य भावुक होतात, आणि भावुक झाले की काम केल्यासारखं समाधान त्यांना मिळतं.

“हे विधेयक मागे घ्या” असं म्हणू नकोस. ते होणार नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेला वाचनाचा खास शिक्षक देण्याचं वचन राज्यपालांनी दिलं आहे, समितीच्या अध्यक्षांना नवा कर नको आहे, आणि मधला खड्डा तुमच्या रजांनी भरला जाणार आहे. तू स्वतः अकरा वर्षं शाळा मंडळाकडे तो वाचनाचा शिक्षक मागत होतीस, हे मला माहीत आहे. म्हणून मागणी एकच कर: तारीख एक वर्ष पुढे न्या, म्हणजे ज्यांनी यंदा अर्ज केला नाही त्यांना एक संधी मिळेल. या समितीने गेल्या सहा अधिवेशनांत एकही बचत रद्द केलेली नाही, पण तारखा चार वेळा सरकवल्या आहेत. दहा वर्षांच्या एकूण बचतीतले फार तर नऊ टक्के त्यात जातात. हा आकडा सांग. तो बरोबर आहे. मी काढला आहे.

विधिमंडळाला आकडे काढून देणाऱ्या आमच्या कार्यालयातल्या माणसाने साक्षीदाराला असं काही सांगायचं नसतं. आम्ही दोन्ही पक्षांचे असतो, म्हणजे कुणाचेच नसतो. हे पत्र मी लिहिल्याचं सोमवारी सकाळी आमचे संचालक क्वाम यांना सांगणार आहे. ते बहुधा मला अर्थसंकल्पाच्या कामावरून काढतील, कदाचित नोकरीवरूनही. ते त्यांनी नियमाप्रमाणे करावं. तू त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. पुढचं वाचल्यावर वाटणारही नाही.

फेब्रुवारीतला तो रविवार तुला आठवत असेल. तू चर्चच्या तळघरात बटाट्याच्या पोळ्या भाजता भाजता मला फोन केला होतास आणि मागे बायकांचा गलका चालला होता.

“मेरन, सरळ सांग. निवृत्तीचा अर्ज यंदा टाकू की पुढच्या वर्षी? पंधरा तारखेला मुदत संपते.”

“कशामुळे विचारतेस?”

“गुडघ्यांमुळे! आणि तुझ्या काकांमुळे. काल अर्धं सूप मांजराच्या डोक्यावर. मांजर खूश, मी नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ती राजधानीतली भाची आहे ना? तिला विचार, आम्हाला पगारवाढ कधी!”

मी म्हणाले, “आणखी एक वर्ष केलंस तर पेन्शन थोडी वाढेल.”

“झालं! एवढंच हवं होतं. डोकं शांत झालं बघ,” तू म्हणालीस, आणि तव्यावरची पोळी जळते म्हणून फोन ठेवलास.

त्या दिवशी विधेयकाचा मसुदा माझ्या टेबलावर होता. त्यातली तारीख मला माहीत होती. मसुदे गुप्त असतात. क्वाम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, “घरी कुणी विचारलं तर गप्पही बसू नका. गप्प बसणं हीसुद्धा बातमी असते. तुम्हाला काहीच माहीत नसतं तर जे बोलला असता तेच बोला.” मी तेच केलं. काही माहीत नसलेली मेरन काय म्हणाली असती याचा दोन सेकंद विचार केला आणि ते वाक्य तुला दिलं. पेन्शन खरंच वाढेल, वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तुझ्या दोनशे सत्तावीस रजा त्या वाक्याने बुडाल्या.

दुपारी हे पत्र मी इथेच संपवलं होतं. वाचून पाहिलं तेव्हा ते नीटनेटकं वाटलं: नियम होता, मी पाळला, मला वाईट वाटतं. तू मला माफही केलं असतंस. “तुझा तरी काय इलाज होता, पोरी,” असं म्हणाली असतीस. म्हणून ते पाकिटात घालता आलं नाही.

तू लिहिलं आहेस, “हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याने एकदा तरी तापात तिसरीचा वर्ग घेऊन दाखवावा. तू त्या लोकांत वावरतेस, तेव्हा तो माणूस कोण ते मला शोधून दे.” शिक्षक संघटनेतल्या तुझ्या मैत्रिणींना वाटतं की विमा कंपन्यांचा कुणी दलाल असणार. नाही.

दर दोन वर्षांनी, अर्थसंकल्पाच्या आधी, आमच्या कार्यालयातल्या प्रत्येकाला बचतीचे दहा पर्याय लिहून द्यावे लागतात. सगळ्यांचे मिळून एक यादी होते. तिच्यावर फक्त क्रमांक असतात, नावं नसतात. हवं ते नेत्यांनी उचलावं. गेल्या नोव्हेंबरात माझे नऊ झाले होते, आणि तेही सगळे जुनेच, मागच्या यादीतले. दहावा सुचत नव्हता. अशा वेळी मी थँक्सगिव्हिंगला तुझ्याकडे आले.

जेवणानंतर तू शाळेतून आलेली चिठ्ठी फ्रिजवरून काढून सगळ्यांना दाखवलीस: शिल्लक रजा, दोनशे सत्त्याऐंशी. काका म्हणाले, “माझी बायको जगातली एकटीच बाई, जी न झालेल्या आजारांवर श्रीमंत झाली!” तू त्यांना फडक्याने मारलंस. आणि म्हणालीस, “हसा, हसा. एकतीस वर्षांत तेवीसच दिवस घरी राहिले मी. त्यातले पाच तर या मेरनच्या अपेंडिक्सचे.” सगळे हसले. मीही हसले. हसत असतानाच मी मनात दोनशे सत्त्याऐंशीला राज्यातल्या शिक्षकांच्या संख्येने गुणलं. मग सगळे तुझ्यासारखे नसतात म्हणून निम्मं केलं. तरी आकडा मोठा होता.

सोमवारी मी तो पर्याय लिहिला. यादीत त्याला सत्तावीस क्रमांक मिळाला. क्वाम यांनी मला खोलीत बोलावलं. “वीस वर्षं हे सगळ्यांच्या नाकासमोर आहे. कुणाला दिसलं कसं नाही? तुम्हाला कुठे सापडलं?” मी म्हणाले, “रजेच्या तक्त्यांत.” आत्या, तक्त्यांत ते दिसतच नाही. प्रत्येक शाळा मंडळ आपली नोंद वेगळी ठेवते. ते फक्त तुझ्या फ्रिजवर दिसत होतं. मला खोटं बोलायचं कारणही नव्हतं. मला फक्त ते मी स्वतः शोधल्यासारखं वाटायला हवं होतं. संध्याकाळी मी स्वतःला बाहेर जेवायला नेलं. खूप दिवसांनी छान वाटत होतं.

तारीख नेत्यांनी ठरवली, असंही मी आत्ता लिहिणार होते. त्यांनी मी दिलेल्या तिनांतून ठरवली. सर्वांत जास्त बचत दाखवणारी मी सर्वांत वर लिहिली होती.

म्हणजे फेब्रुवारीत तू फोन केलास तेव्हा मी गुपित राखत नव्हते. मी स्वतःचं काम झाकत होते. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तू विचारलाच असतास.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सोमवारी क्वाम यांना तेही सांगेन. समितीपुढे तुला माझं नाव घ्यायचं असेल तर घे. कर्मचारी भिंतीलगत बसतात. मी दारापासून तिसऱ्या खुर्चीवर असेन, तोवर मला काढलं नसेल तर. पण मागणी आधी कर आणि नाव नंतर घे. उलट केलंस तर ते मागणी ऐकणारच नाहीत.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी काकांना तलावावर न्यायची माझी पाळी आहे. मी नऊ वाजता येईन आणि गाडीतच थांबेन. हॉर्न वाजवणार नाही. काकांना बाहेर आणायचं की पडदा ओढून घ्यायचा ते तू ठरव. पडदा ओढलेला दिसला तरी मी साडेनऊपर्यंत तिथे असेन, कारण त्यांना कोट घालायला वीस मिनिटं लागतात आणि तुझं मन मध्येच बदललं तर मला निघून गेलेलं नको आहे.

या ओळीखाली नेहमी ‘तुझी’ लिहिते. आज ते न लिहिता सही करते आहे.

मेरन