मधल्या सुट्टीतला फोन

मंगळवार, संध्याकाळ. मस्कत.

दुपारी साईटवर डबा काढला आणि सवयीने मोबाईल पुढ्यात ठेवला. मग आठवलं, पिंकीचा फोन काल शाळेत जप्त झाला.

बहीण नववीत, शाळेत फोनला बंदी, आणि मीच तिला सांगायचो, दप्तरात लपवून ने. मग काय करणार? आमच्या दिव्यात पाण्याची बोंब. तिथून लोकलने ठाण्याच्या शाळेत जाते म्हणून पोरी तिला चिडवतात, "तुमच्याकडे पाणी नाय ना, आंघोळ केलीस का गं?" शेजारी कोणी बसत नाही. तिची मधली सुट्टी आणि माझी जेवणाची वेळ एकच. ती जिन्याखाली बसायची, मी इथे. फोनवर बोलत जेवायचो. भाजी काय, एवढंच बहुतेक.

फोन पालकांच्याच हातात देणार, असा नियम. आई आज सकाळीच कामावर खाडा करून शाळेत गेली. रोज कोणाशी बोलते, मॅडमनी विचारलं. आईने सगळं सांगितलं. फोन मिळाला, पण परत शाळेत आणायचा नाही.

आत्ता पिंकीचा फोन आला.

"दादा, मॅडम डबा घेऊन माझ्याच बाकावर आल्या! मग दोन पोरीपण आल्या. एकीने तर माझी भेंडी संपवली."

"चिडवलं नाय ना?"

"नाय रे. उद्या पण बसणारेत. तू जेवलास?"

"हो."

बरं झालं. हेच पाहिजे होतं ना मला? हेच.

जेवलो नव्हतो. डबा तसाच खोलीवर आणला. आता उघडून बसलोय. भाजी काय, कोणी विचारत नाही.