न झालेली लढत

४ मार्च, बुधवार

आज दुकान उघडलं. दादा जाऊन नऊ दिवस झाले. चार गिऱ्हाइकं आली. एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवून दिली, एका निवृत्त मास्तरांचा नंबर काढला. तिघांनी दादाबद्दल विचारलं. चौथ्याला काही माहीत नव्हतं, त्याच्याशी बोलायला बरं वाटलं.

संध्याकाळी बॉक्सिंग क्लबचे सेक्रेटरी आले. नव्या हॉलला दादाचं नाव द्यायचं म्हणतात. पंधरा तारखेला रविवारी सभा आहे. ‘नुसता उपचार हो, नाव पक्कं समजा,’ म्हणाले. मी बरं म्हटलं. दादाला आवडलं असतं का, ते कळत नाही. तोंडावर कौतुक झालं की तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागायचा.

६ मार्च, शुक्रवार

पेपरात दादावर लेख. मथळा — ‘थोर की थोराड?’

लिहिणारे तेच म्हातारे वार्ताहर, ज्यांनी दादाच्या सगळ्या लढती रिंगच्या कडेला बसून पाहिल्या. लिहितात — हेवीवेटमध्ये एकतीस लढती, सत्तावीस विजय, आकडा भारदस्त आहे. पण हरवलं कुणाला? निम्मे उतरणीला लागलेले, उरलेले नुसतेच आडमाप. शैली विचारू नका. शेवटची चार वर्षं तर मान एका बाजूला वळवून आणि उजवा हात गालाला चिकटवून लढायचा, रुसलेल्या नवरीसारखा. आणि विजेतेपदासाठी डावखुऱ्याशी लढत ठरली, तिकिटं संपली, तर तीन दिवस आधी हाताला दुखापत! त्यानंतर हा माणूस रिंगमध्ये दिसला नाही. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं हे मान्य, पण भिंतीवर नाव कोरताना तरी खरं बोलावं.

दोनदा वाचला. वाईट याचं वाटलं, की जे डोळ्यांना दिसलं ते त्यांनी बरोबर लिहिलं आहे.

७ मार्च, शनिवार

वहिनींकडे गेलो. तो पेपर ओट्यावर पसरून त्यावर भाजी निवडत होत्या. दादाच्या फोटोवर देठं पडली होती. लेखाचं काढावं की नाही, या विचारात मी पाणी प्यायलो, मग आणखी प्यायलो. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘सव्वीस वर्षं ऐकतेय, भाऊजी. आता छापून आलं, एवढंच.’

माझ्याशी त्या नेहमी नीट बोलतात. पण माझ्याकडे बघत नाहीत. पूर्वीपासून.

९ मार्च, सोमवार

वार्ताहर दुकानात आले! जवळचं दिसत नाही म्हणे. दारातच थबकले. तुमच्याकडे आलो हे चुकलं का, असं विचारलं. म्हटलं, चष्म्यासाठी आलात, बसा.

नंबर काढताना माणूस गप्प बसतो, हे बसले नाहीत. थोर कुणाला म्हणायचं, यावर व्याख्यानच झालं. दादा चांगला होता, मेहनती होता, एका ठोशात माणूस बसवायचा, सगळं कबूल. ‘पण ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर उभा राहतो तो थोर. तुमचा भाऊ राहिला नाही. मी खोटं लिहिलं असेल तर सांगा. पहिल्या पानावर दुरुस्ती छापतो.’

मी भिंग बदललं. खालची ओळ वाचायला सांगितली. हसून म्हणाले, ‘हा तक्ता आधीच पाठ करून आलो असतो, तर तुमचा धंदाच बसला असता.’

गिऱ्हाइकांपैकी निम्मे लोक हा विनोद करतात. आज मात्र माझा हात भिंगांच्या पेटीत तसाच राहिला. त्यांच्या लक्षात आलं नसावं. अर्धा नंबर वाढला आहे एवढंच सांगितलं. गुरुवारी चष्मा न्यायला या म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

सेक्रेटरींचा फोन. लेखामुळे सभासदांत दोन तट पडले. एक म्हातारा सभासद म्हणाला म्हणे, हॉलला पळपुट्याचं नाव दिलं तर पोरं दोरीवरून उड्या मारण्याऐवजी दाराकडेच पळतील. सगळे हसले. सेक्रेटरींना दादाच्या हाताचा कागद हवा आहे — एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, काहीही. ‘तेवढं मिळालं की सगळ्यांची तोंडं बंद.’

शोधतो म्हटलं.

कागद नाही. हाताला काही झालंच नव्हतं.

१२ मार्च, गुरुवार

वार्ताहर चष्मा घेऊन गेले.

हे कुठे तरी लिहायला हवं, म्हणून इथे लिहितो.

दादाला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. तिसाव्या वर्षी सरावात जोडीदाराचा अंगठा डोळ्यात गेला, आतला पडदा फाटला. परगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, बॉक्सिंग बंद. दादा परत आला तो थेट माझ्या खोलीवर. मी तेव्हा याच दुकानात नोकर, नुकताच नजर तपासायला शिकलेला. म्हणाला, ‘लढतीआधी ते तक्ता वाचायला लावतात ना? तो मला पाठ करून दे.’

स्पर्धेच्या डॉक्टरांच्या खोलीतला तक्ता आमच्याच दुकानातला. मीच तिथे टांगायचो. तसाच एक मी घरी आणला आणि एका दुपारी दादाला शिकवला. जमिनीवर मांडी घालून बसला होता, एवढा मोठा माणूस. र ग प ल. न द म क. शाळेत त्याला एक कविता कधी पाठ झाली नाही, आणि हे तासाभरात घडाघडा! मला कौतुकच वाटलं. आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं नाही. दादा लढायचा थांबला तर दादाचं काय उरेल, हे मला दिसत नव्हतं.

त्यानंतर चार वर्षांत चौदा लढती. बारा जिंकल्या. एका डोळ्याने. मान वळवायचा ती डावा डोळा समोर आणायला. हात गालाला चिकटवायचा तो न दिसणारी बाजू झाकायला. लोक हसायचे. मी रिंगमधल्या त्याच्या कोपऱ्यामागे बसून उजवीकडून येणारा प्रत्येक ठोसा मोजायचो.

मग तो थोर होता का? मला वाटतं वार्ताहरांना कल्पना आहे त्याहून जास्त. पण हे सांगायचं तर सोबत हेही सांगावं लागतं, की तो दर वेळी डॉक्टरांना फसवून रिंगमध्ये उतरला. आणि कुणी शिकवलं तेही.

१३ मार्च, शुक्रवार

आज दोन नंबर चुकीचे काढले. एक गिऱ्हाईक परत आलं, दुसरं कदाचित तसंच चालवून घेईल.

१४ मार्च, शनिवार

परवा अर्धंच लिहिलं.

डावखुऱ्याची लढत ठरली तेव्हा मी त्याला बघायला गेलो होतो. त्याचा डावा हात म्हणजे नेमका दादाच्या आंधळ्या बाजूला. माझ्यासमोर त्याने एकाला पाडलं. तो माणूस उठला, पण त्याला स्वतःच्या बायकोची ओळख पटेना. ती त्याचा हात धरून नाव सांगत होती, आणि तो तिला ‘ताई’ म्हणत होता.

दादाला म्हटलं, ही लढत नको. हसला. ‘तू चष्मे विक.’ तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा उठूनच गेला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीवर गेलो. जुना तक्ता पिवळा पडलाय असं सांगितलं आणि दुसरा टांगला. अक्षरं वेगळी.

दादाने डावा डोळा झाकून जुना तक्ता घडाघडा म्हटला. डॉक्टर भले होते. आरडाओरडा केला नाही, ‘हाताला दुखापत’ असं लिहिलं आणि पुन्हा कधी पास करणार नाही म्हणून सांगितलं. हे दादानेच मला त्या दिवशी सांगितलं, एका वाक्यात — ‘तक्ता बदलला होता रे.’ मी ‘अरेरे’ म्हटलं. ‘अरेरे’ म्हटलं मी!

तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. मला वाटायचं शरमेने. रस्त्यात लोक ‘हात बरा आहे का?’ म्हणून डोळे मिचकावायचे, आणि तो ‘बरा आहे’ म्हणायचा. मी शेजारून चालायचो.

उद्या सभा. पत्र लिहून ठेवलं आहे — डोळा, पाठांतर, तक्ता, माझं नाव. हॉलला नाव कदाचित मिळणार नाही. माझ्या दुकानाचंही काय होईल कोण जाणे. पण तो भ्याला नव्हता, एवढं एकदा कुणी तरी मोठ्याने वाचावं.

१५ मार्च, रविवार

सभेआधी पत्र सेक्रेटरींच्या हातात दिलं. थांबलो नाही. तसाच वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या दादाचे शर्ट बाजूला काढत होत्या. हात थांबला नाही.

‘त्यांना माहीत होतं,’ म्हणाल्या. ‘त्याच दिवशी. उजवा डोळा झाल्यावर डावा तपासला ना? तेव्हा दिसली की नवी अक्षरं. तो तक्ता कोण टांगतं हे काय त्यांना सांगायला हवं होतं?’

आधी उजवा, मग डावा. तीस वर्षं हेच करतोय. कधी सुचलं नाही.

‘घरी येऊन म्हणाले, धाकट्याचं नाव कुठे यायला नको, त्याचं काम जाईल. मला गप्प राहायचा शब्द द्यायला लावला. लोकांनी भित्र्याची बायको म्हटलं, ते ऐकून घेतलं मी. तुमच्यासाठी.’ मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘पत्र दिलंत?’

मी मान हलवली.

‘आधी मला विचारायचंत, भाऊजी.’

घरी आलो. फोन दोनदा वाजला, घेतला नाही. दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घातल्या.