नावावरची पांढरी गाडी

मी, भास्कर चिंधा सोनवणे, वय सत्तावन्न, धंदा मोटार मेकॅनिक, मूळ राहणार तालुका शिरपूर, हल्ली डोकमर्डी, सिल्वासा, हे मृत्युपत्र माझा मुलगा नवनाथ याला तोंडी सांगून लिहवून घेत आहे. कंप माझ्या हाताला आहे, डोक्याला नाही. सोमवारी सुरतेला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठलो तर हा कागद मी स्वतः फाडीन. नवनाथला ताकीद दिली आहे की मी बोलेन ते सगळे लिहायचे, न आवडणारेही, आणि मध्ये शहाणपणा करायचा नाही.

१. डोकमर्डीचे दोन खोल्यांचे घर, पुढच्या पत्र्याच्या शेडसह, माझी बायको मंजुळा हिला. ती आहे तोवर घर विकणे, गहाण टाकणे, किंवा "नुसते कागद कुणाकडे ठेवू" असले काही कोणी तिच्यापुढे काढायचे नाही.

२. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा संच, जॅक आणि हवा तपासायचा गेज, मुलगी रोशनी हिला. नवनाथने इथे पेन थांबवून विचारले, "आप्पा, मुलीला पाने?" लिही. लायसन्स दोघांनी एकाच महिन्यात काढले. तुला गाडीचा रंग दिसतो, तिला इंजिनाचा आवाज ऐकू येतो. वापीला जुनी फियाट बघायला गेलो, तेव्हा विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले होते. बोनेटला हात लावून तीच म्हणाली, "आप्पा, उद्या सकाळी गार असताना परत येऊ." विकणाऱ्याचे तोंड बघण्यासारखे झाले होते.

३. बँकेतल्या शिल्लकीतून ऑपरेशनचा खर्च जाऊन जे उरेल, त्यातून दोघांत मिळून एक गाडी घ्यावी. दोन महिने घरात दुसरा विषय नाही. नवनाथला मारुती पाहिजे, कारण लिटरला सतरा-अठरा जाते. रोशनीला फियाट पाहिजे, कारण खानवेलला बंद पडली तरी कोणीही मिस्त्री खोलून चालू करील. दोघांचेही अर्धे बरोबर आहे. पेट्रोल रोज भरावे लागते म्हणून तुम्ही तेवढेच मोजता. टायर, क्लच प्लेट, बॅटरी वर्षा-दोन वर्षांनी येतात, तेव्हा घरात रडारड होते. आणि विमा म्हटले की नवनाथ म्हणतो, "सगळ्यात स्वस्त असेल तो घेऊ." ज्याला गाडी हातात घेऊन अजून वर्ष झाले नाही, त्याने पुरा विमा घ्यावा. गाडी कोणतीही घ्या. जो चालवणार त्याच्याच नावावर ती पाहिजे, आणि विम्यात एक दिवससुद्धा खंड पडता कामा नये. ही अट मोडणाऱ्याला या रकमेतले काही मिळू नये.

४. आता गजाननचे. गजानन हा सामरवरणीचा गाड्यांचा दलाल. आपल्याकडे टॅक्स कमी, म्हणून बाहेरचे लोक गाड्या इथे नोंदवतात, आणि त्यासाठी त्यांना इथला माणूस आणि इथला पत्ता लागतो. गजानन नवनाथला म्हणतो, तीन गाड्या तुझ्या नावावर घे, तुझी मारुती अर्ध्या किमतीत देतो. मंगळवारी जेवताना नवनाथ मला म्हणाला, "नुसते नाव द्यायचे आहे आप्पा, किडनी नाही." मी ताटावरून उठलो. सगळ्यांना वाटले छातीत दुखले. दुखले नव्हते. मला भीती वाटली होती.

५. सन १९८७ मध्ये मी स्वतः असेच नाव दिले. बाहेरच्या एका शेठची पांढरी अँबेसेडर, माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर. मी सायकलने कारखान्यात कामाला जायचो आणि मनात फुशारकी, की कागदोपत्री आपण मोटारवाले. पुढच्या वर्षी विमा संपत आल्याचे पत्र माझ्या घरी आले. गाडी माझी नाही तर विमा माझा कसा, म्हणून मी ते पिठाच्या डब्याखाली सारले. शेठला कळवलेसुद्धा नाही. सव्वा महिन्याने, विमा संपलेला असताना, ती गाडी खानवेलच्या रस्त्यावर काळू नावाच्या मजुराच्या अंगावर गेली. तो जागीच गेला. ड्रायव्हर पळाला, शेठने हात वर केले, आणि कागदावर मालक मी. कोर्टात काळूची बायको कावेरी माझ्याच बाकावर बसायची. तिला वाटले मीही कुणा मेलेल्याचा माणूस आहे. एकदा तिने तिच्या तांब्यातले पाणी मला दिले. मी प्यायलो. मी कोण, ते तिला नावाचा पुकारा झाल्यावर कळले.

६. भरपाईसाठी शिरपूरचा माझ्या वाट्याचा मळा विकला. तो परक्याकडे जाऊ नये म्हणून माझा धाकटा भाऊ सुकदेव याने बैलजोडी आणि भावजयीचे दागिने मोडून बाजारभावाने घेतला. घरी मी सांगितले की सुकदेवने मळा गिळला. मंजुळा तेव्हापासून त्याला शिव्या देते. नवनाथ, दोन वर्षांपूर्वी तू त्याला याच उंबऱ्यावरून हाकललेस. त्याने माझ्याकडे बघितले, चप्पल घातली आणि गेला. मी आतल्या खोलीत गेलो. ही लाज मी मेल्यावर वाचली जाऊ नये, माझ्यासमोर लिहिली जावी, म्हणून शेजारच्या मास्तरांचे चांगले अक्षर सोडून पेन तुझ्या हातात दिला. त्या मळ्यावर माझ्या वारसांचा काडीचा हक्क नाही.

७. नवनाथने पेन खाली ठेवला आहे. उचल. काय असेल ते बोल, आणि बोललास ते लिही. नवनाथ म्हणतो, "आप्पा, एका फॉर्मवर कालच सही केली. रेशनकार्डाची झेरॉक्सही दिली." फॉर्म गजाननकडे आहे. सोमवारी आरटीओचे ऑफिस उघडले की तो भरणार.

मी उठून बसलो आहे. मंजुळा नको म्हणते आहे, तेही लिही. सोमवारी मी सुरतेला जाणार नाही. आरटीओच्या दारात बसेन आणि गजानन आला की त्याच्या हातातला एकेक कागद बघेन. आता आठवडासुद्धा थांबू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे, ते मला ठाऊक आहे. तिथे बसल्या जागी माझे काही झाले तर नवनाथला कोणी बोल लावू नये.

नवनाथ म्हणतो, "आप्पा, मी आत्ता जातो. घेऊनच येतो." गजानन सहजासहजी देणार नाही. तरी जा. तू येईपर्यंत मी सही करत नाही.

८. संध्याकाळचे सात. नवनाथ तीनला गेला होता. साक्षीदार चारपासून बसून आहेत. चहा दोनदा झाला. मंजुळा दारातून हलली नाही. आता तो आला आहे. शर्टाचा खिसा फाटला आहे, फॉर्म आणि झेरॉक्स हातात आहेत. गजानन काय म्हणाला ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मारुती गेली. त्याने एवढेच विचारले, "आप्पा, सोमवारी सुरतेला किती वाजता निघायचे?" पहाटे पाचला.

वरील सर्व मला वाचून दाखवले. एक शब्दही बदलायचा नाही.

ठिकाण: डोकमर्डी, सिल्वासा
तारीख: शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६

सही: भास्कर चिंधा सोनवणे
(कंपामुळे वाकडी आली आहे. माझीच आहे.)

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. सुधाकर गणेश राणे, शिक्षक, डोकमर्डी
२. भगवंत नथू महाजन, कारखान्यातील सोबती, सामरवरणी

लिहिणार: नवनाथ भास्कर सोनवणे
आप्पांनी सांगितले तसे लिहिले. फॉर्मवरची माझी सही आणि ही सही एकाच हाताची आहे. ती साक्षीदारांसमोर फाडली. ही राहू द्यावी.