बिनपिठाची टाकी

बडोदे, शनिवार

प्रिय शलाका,

तुझ्या फोननंतर वहिनीने पेढ्यांची यादी काढलीय. पुढच्या महिन्यात तू प्रबंध देणार आणि आपल्या रोहू माशांचं एक घराणं गाजणार: पिठाचा कण न खाताही त्यांच्या यकृतात साखर पचवणाऱ्या एन्झाइमचं जनुक जागं असतं. जन्मजातच, म्हणालीस. आपल्या घराण्यात जन्मजात फक्त हेका, त्यामुळे मला माशांचा हेवाच वाटला.

तू महिनाभर भुवनेश्वरला गेलीस, तेव्हा सावली गावच्या मत्स्यकेंद्रातल्या तुझ्या दोन टाक्या मी सांभाळल्या. एकीत पिठाचं खाद्य, दुसरीत बिनपिठाचं. पीठ मिळालं की ते जनुक जागं होतं, नाहीतर झोपून राहतं, हे तूच मला समजावलं होतंस. रोज वजन करून खाद्य घातलं. वहीत माझ्या सह्या आहेत.

दादाला, तुझ्या बाबांना, जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. शेवटचं वर्षभर त्याच्या साखरेवर पहारा माझाच. दुसरी पोळी घेतली की मी ताटातून उचलायची. ‘कांचे, अर्धी तरी,’ म्हणायचा. अर्धीही दिली नाही. साखर अगदी आटोक्यात राहिली; माणूस हृदयाने गेला.

तेराव्याला मी भटजींची किती टिंगल केली, तू पाहिलंसच. शेजारच्या कमलाबेन म्हणाल्या, ‘बेन, माछलीने लोटनी गोळी नाखो, भाईने पहोंचशे.’ माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की भावाला पोचतात म्हणे! त्यांनाही हसले. म्हटलं, तिकडे पत्ता कुठला घालायचा?

मग सावलीला गेले. पिठाच्या टाकीतली मंडळी खाऊनपिऊन सुस्त. बिनपिठाचे मात्र मला पाहून वर आले नि तोंडं उघडून बसले. डब्यातली अर्धी पोळी कुस्करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून घरूनच कणकेच्या गोळ्या न्यायला लागले. एकूण सव्वीस दिवस. वहीत नोंद केली नाही. सगळ्यांना हसणाऱ्या बाईने हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आल्या आल्या तू तेच मासे तपासायला घेतलेस.

तेव्हा शलू, तो प्रबंध देऊ नकोस. ते जनुक जन्मापासून जागं नव्हतं. मी जागं केलं. तुझं वर्ष वाया घालवलं, हे कळतंय. तुझ्या सरांसमोर मी येते, वहिनीलाही मीच सांगते. नवे मासे घे, टाक्यांवर दुसरं कुणी बसव. आणि जुन्या वहीतल्या त्या सव्वीस ओळींपुढे लिही: कणिक दिली. कुणासाठी, ते लिहायची गरज नाही.

तुझीच, बोलशील ते ऐकून घेणारी,
कांचनआत्या